दोष एकट्या ढगांचा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ढगाळ हवामानामुळे गव्हावर तांबेरा’ ही बातमी वाचली. असे मथळे दरवर्षी येतात आणि ते वाचून आम्ही आभाळाकडे बघत फवारणीचा पंप पाठीला लावतो. पण तांबेरा हा बुरशीचा रोग; तो नुसत्या ढगाने पडत नाही, पान ओलं राहिल्याने पडतो. त्याच्या बीजाणूला रुजायला पानावर पाण्याचा पातळ थर लागतो, तोही साधारण 6 ते 8 तास. त्यातही पिवळ्या तांबेऱ्याला 10 ते 15 अंशांचा गारवा मानवतो, काळ्याला ऊब लागते. सगळ्यांना एकाच मथळ्यात कोंबून कसं चालेल?

आभाळ आपल्या हातात नाही. पान किती वेळ ओलं राहील, हे मात्र बरंचसं आपणच ठरवतो. पेरणी दाट, तुषार सिंचन नेमकं संध्याकाळी, त्यात युरियाचा हात सैल! माझ्याच भातात खत फेकताना बांधालगतच्या एका पट्ट्यात युरिया दोनदा पडला. पुढचे काही दिवस तो पट्टा असा काळाभोर हिरवा दिसायचा, की येणारा-जाणारा थांबून बघे. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. मग करपा हा रोग आला तो नेमका तिथूनच: पानांवर दोन्ही टोकांना निमुळते, मधे राखाडी ठिपके. शेजारच्या ओळी बऱ्याच दिवस स्वच्छ होत्या. ढग तर दोन्हीकडे सारखेच होते.

पीक उपाशी ठेवूनही सुटका नाही. भातावरचा तपकिरी ठिपका निकस जमिनीतच जास्त बळावतो. भुरीला, म्हणजे पानावर पांढरी पूड धरणाऱ्या रोगाला, नुसती दमट हवा पुरते, पानावर पाणी साचावंच लागतं असं नाही. आणि ज्वारीचा खडखड्या तर चक्क कोरडीचा रोग. दाणे भरताना ओल तुटली, जमीन तापली, की ताटं बुडाशी पोकळ होऊन आडवी पडतात. असं एखादं ताट चिरून बघा, आत कोळशाची पूड भुरभुरल्यासारखी दिसते. पाऊस नाही म्हणून निर्धास्त बसलेल्याला हा बरोबर गाठतो.

तेव्हा विनंती एवढीच, की बातमी ‘ढगाळ हवामान’ या दोन शब्दांवर आटोपू नये. रात्री पारा किती उतरला, सकाळी दव किती वाजेपर्यंत टिकलं, पीक पोटरीत (कणीस अजून पानाच्या आत) आहे की फुलोऱ्यात, हेही छापा. पंप काढायचा की नाही, ते आमचं आम्ही ठरवू.

आपला,
एक शेतकरी वाचक