वरचं पाणी खाली येतं, हे सांगलीकरांना सांगायला पाहिजे का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या वॉटर स्पोर्ट्सवर लेख होता, त्यात ट्यूबवर बसून गुहेतनं जाणाऱ्या लोकांचा फोटो आणि खाली 'पोहता येत नसलं तरी चालतं, लाईफ जॅकेट घाला आणि एन्जॉय करा' एवढंच. मी ते स्वतः करून आलेय, वय ६१, म्हणून लिहितेय.

मुलगी ह्यूस्टनला असते, गेल्या जूनमध्ये तिच्याकडे गेले तेव्हा जावयांनी आम्हा सगळ्यांना बेलिझला नेलं. मध्य अमेरिकेतला छोटासा देश, आधी ब्रिटिश होंडुरास म्हणायचे, १९८१ ला स्वतंत्र झाला, इंग्रजी चालतं त्यामुळे माझं काही अडलं नाही. तिथं जंगलात नोहोच चेन म्हणून जागा आहे, केव्हज ब्रँच नावाची नदी डोंगराच्या पोटातनं जाते. डोंगर चुनखडीचा, पाण्यानं विरघळून विरघळून आतनं पोकळ झालेला. आपला सह्याद्रीचा काळा कातळ असा विरघळत नाही, म्हणून कृष्णाबाई कुठं डोंगरात घुसली नाही.

पहिल्या दिवशी गेलो तर गाईड म्हणाला आज बंद. ऊन कडकडीत, आभाळात ढग नाही, आणि हा म्हणतो काल रात्री वरच्या बाजूला पाऊस झालाय! आमच्यासोबत अजून दोन फॅमिली होत्या, सगळे चिडले, पैसे भरलेत, लांबनं आलोय वगैरे, आणि खोटं कशाला सांगू सगळ्यात जास्त आवाज माझा होता. तो काही बोलला नाही, आम्हाला काठावर घेऊन गेला आणि एका दगडावर रंगानं मारलेली रेघ दाखवली. पाणी रेघेच्या वर होतं आणि रंग चहासारखा. म्हणाला आत छत खाली आहे, पाणी वाढलं तर डोकं वर काढायला जागा राहत नाही.

मला एकदम आमचा कृष्णेवरचा आयर्विन पूल आठवला, सांगलीत पुराची पातळी तिथंच मोजतात. आम्ही सांगलीवाडीचे. २०१९ ला ५७ फुटावर गेलेलं पाणी आमच्या घरात होतं, पहिल्या मजल्यावरनं बोटीत उतरलोय. पावसाळ्यात आमच्या घरात सकाळी 'चहा झाला का' च्या आधी 'कोयनेतनं किती सोडलं, आयर्विनला किती फूट झालं' विचारतात, सांगलीत थेंब नसताना पूर येतो हे इथल्या पोराला पण कळतं. आणि मी तिथं उभं राहून विचारत होते, ऊन आहे की, मग काय झालं! लाजच वाटली.

दोन दिवसांनी पाणी उतरल्यावर सोडलं. आधी ट्यूब खांद्यावर घेऊन जंगलातनं अर्धा-पाऊण तास चालायचं, हे लेखात नव्हतं, गुडघे दुखणाऱ्यांनी लक्षात घ्या. डोक्यावर हेल्मेट, त्यावर दिवा, अंगात जॅकेट. गाईडनं प्रत्येकाचं बक्कल स्वतः ओढून बघितलं, माझं दोनदा. मग सगळ्या ट्यूबा एकमेकींना जोडून माळ केली आणि पुढं तो. उथळ आलं की ओरडायचा, बूड वर घ्या, नाहीतर खालचे दगड लागतात. लहानपणी माई घाटावर ट्रकच्या ट्यूबवर पोहायला शिकले त्याची आठवण झाली, पण आत गेल्यावर ती आठवण पण गेली. मध्येच त्यानं सगळ्यांना दिवे घालवायला लावले. अंधार असा की डोळे उघडे का मिटलेले ते कळेना, नुसता पाणी ठिबकल्याचा आवाज. जुने माया लोक असल्या गुहांना पाताळाचं दार समजायचे म्हणे, पटलं. नात माझा हात घट्ट धरून बसलेली (का मी तिचा).

आता आपल्याकडचं. परत आल्यावर ऑगस्टमध्ये भाच्यानं साताऱ्याकडच्या एका रिसॉर्टला नेलं, तिथं पण नदीत ट्यूबा सोडतात. मी विचारलं, धरणातनं सध्या किती क्युसेक चालू आहे? ट्यूबा सोडणारं पोरगं हसलं, "काय न्हाय होत काकू, बसा निवांत." मला दिलेल्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं होतं आणि त्या जागी सुतळी बांधलेली, पोत्याची असती तसली. मी नाही बसले. भाचा नाराज झाला, अजून फोनवर टोमणे मारतो. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटून लोक बुडाले ते आठवतं ना सगळ्यांना, तरी जॅकेट म्हणजे फोटोपुरतं घालायची वस्तू अशीच समजूत आहे.

गुहेतलं पाणी काय चीज आहे ते खरं तर आपल्या जिल्ह्याला जास्त माहीत पाहिजे. २०१८ ला थायलंडमध्ये १२ मुलं आणि त्यांचा कोच पावसाचं पाणी भरल्यामुळं गुहेत अडकले होते, तेव्हा पाणी उपसायच्या कामात सल्ला द्यायला किर्लोस्कर पंपवाल्यांची माणसं गेली होती, आणि त्यांचा कारखाना आपल्या किर्लोस्करवाडीत. तुमच्याच पेपरात कौतुकानं वाचलेलं.

तेव्हा विनंती एवढीच, असले लेख जरूर छापा, मला तर परत जायचंय, पण कधी जायचं नाही तो एक चौकोन लेखात टाका. आणि पावसाळ्यात पहिल्या पानावर आयर्विनची पातळी देता त्याच्या शेजारी नदीत बोटी, ट्यूबा आज बंद का चालू ते पण देता आलं तर बघा. माझ्या भाच्याला कात्रण पाठवायचंय.

आपली,
एक जुनी वाचक, सांगलीवाडी