सईला, शाळांची यादी भरण्याआधी

प्रिय सई,

न्यूयॉर्कच्या हायस्कूल प्रवेशासाठी आवडीच्या क्रमाने शाळा लिहायची यादी डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होईल आणि पहिल्या क्रमांकावर कोणती शाळा हे अजून ठरलेलं नाही. जेवताना विषय निघाला की आई आणि मी एकदमच बोलायला लागतो आणि तू गप्प होतेस. म्हणून हे लिहून देतोय. सावकाश वाच.

आधी क्रमाबद्दल, कारण तिथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. तुझ्या मैत्रिणी म्हणतात, अवघड शाळा वर टाकली आणि ती हुकली, तर खालच्या शाळाही रागावून नाकारतात. तसं होत नाही. तू कोणाला कितवं ठेवलंस, हे शाळेला दिसतच नाही. पूर्वी न्यूयॉर्कमध्ये ते दिसायचं, आणि आईवडील मनातली शाळा सोडून हिशेबातली शाळा वर लिहायचे. मग शहराने अर्थशास्त्रज्ञांना बोलावलं. अ‍ॅल्विन रॉथ, पराग पाठक आणि अतिला अब्दुलकादिरोग्लू यांनी आखलेली पद्धत 2004 च्या प्रवेशांना लागू झाली, आणि यादीत न लिहिलेल्या शाळेत ढकलल्या जाणाऱ्या मुलांची संख्या जवळपास 90 टक्क्यांनी घटली. रॉथना 2012 मध्ये लॉइड शॅप्ली यांच्याबरोबर नोबेल मिळालं, ते अशाच कामासाठी. या पद्धतीत पहिली शाळा हुकली तर तुझं नाव दुसरीकडे जातं, आणि तिथे तुझा विचार तिला पहिली लिहिणाऱ्या मुलांच्या बरोबरीने होतो. म्हणजे खरी आवड वर लिहिल्याने तुझं काहीही बिघडत नाही. घाबरून क्रम बदलू नकोस, एवढंच माझं पहिलं मागणं.

आता शाळा. स्टायव्हसंट आणि तिच्यासारख्या, परीक्षेवर प्रवेश देणाऱ्या शाळांची परीक्षा तू दिलीस, ती काकाच्या आग्रहाखातर. त्या शाळा चांगल्याच आहेत. पण गेली दोन वर्षं तू व्हायोला आणि स्पॅनिश या दोन गोष्टींना स्वतःहून वेळ देते आहेस, कोणी मागे न लागता. शाळा निवडताना मी हीच खूण धरतो.

लागार्डिया या कलाशाळेच्या ऑडिशनचं रेकॉर्डिंग तू पाठवशीलच. पण ज्यांच्या नावाची ती शाळा आहे, ते फिओरेलो लागार्डिया तुला माहीत असावेत असं मला वाटतं. त्यांचे वडील सैन्यात बँडमास्टर होते. स्वतः लागार्डिया तरुणपणी एलिस आयलंडवर दुभाषाचं काम करायचे. बोटीतून उतरणाऱ्या माणसांचं म्हणणं इटालियन, क्रोएशियन, जर्मनमधून अधिकाऱ्यांपर्यंत पोचवायचे. पुढे महापौर झाल्यावर, मंदीच्या काळात, 1936 मध्ये त्यांनी संगीत आणि चित्रकलेची सरकारी शाळा काढली. पैसे भरून शिकवणी लावू न शकणाऱ्या घरातल्या मुलांना रोज शाळेतच वाद्य शिकता यावं, हे तेव्हा फार मोठं पाऊल होतं. आपल्याकडे विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही लोकांच्या पैशावर, दरबाराच्या आश्रयाबाहेर. संगीत चार घरांतून बाहेर काढून वर्गात आणणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

याच लागार्डियांच्या कारकिर्दीत, 1942 मध्ये, खर्च कमी करायचा म्हणून तुझ्या विचारातली दुसरी शाळा, टाउनसेंड हॅरिस, बंद झाली. तिच्या माजी विद्यार्थ्यांनी जिद्द धरली आणि 1984 मध्ये ती क्वीन्समध्ये पुन्हा उघडली. आज ती क्वीन्स कॉलेजच्या आवारात आहे, आणि शेवटच्या वर्षी मुलं कॉलेजचे तासही करतात. लॅटिन किंवा प्राचीन ग्रीक शिकवण्याची तिथली परंपरा जुनी आहे. तुला व्याकरणाची गोडी आहे. आजी फोनवर सामान्यरूप समजावते तेव्हा तू वही घेऊन बसतेस. तू तिथे रमशील याची मला खात्री आहे.

आणि तिसरी, अ‍ॅस्टोरियातली फ्रँक सिनात्रा स्कूल. गायक टोनी बेनेट यांनी 2001 मध्ये ती उभी केली आणि तिला स्वतःचं नाव न देता मित्राचं दिलं. तिथे वादनासाठी ऑडिशन द्यावी लागते. आपल्या घरापासून आर ट्रेनने स्टाइनवे स्ट्रीट, पुढे थोडं चालणं. हॅरिसला जायचं तर फॉरेस्ट हिल्सपर्यंत ट्रेन आणि मग बस. हिवाळ्यात व्हायोला पाठीवर घेऊन बसची वाट बघणं वेगळं, हेही धर.

माझं मत विचारलंस तर मी सिनात्रा वर ठेवीन. कारण सांगतो. व्हायोला हे एकट्याने वाजवायचं वाद्य कमी आणि इतरांच्या मधोमध बसून वाजवायचं जास्त. वरून व्हायोलिन, खालून चेलो, आणि मधला भराव तुझा. तो कान घरी तयार होत नाही. त्यासाठी रोज, शाळेच्या वेळापत्रकात, भरलेला ऑर्केस्ट्रा लागतो. भाषेचं तसं नाही. जॅक्सन हाइट्समध्ये तू दुकानात स्पॅनिश बोलतेस, घरात मराठी. शिक्षक लागतोच, पण शाळा सुटल्यावर भाषा थांबत नाही.

आईचं मत उलट आहे आणि तिचं म्हणणं हलकं नाही. ती म्हणते, बोलता येणं म्हणजे भाषा येणं नव्हे. निबंध लिहिणं, जुना मजकूर वाचणं यासाठी सलग तीन-चार वर्षं चांगला शिक्षक हवा. राज्याचे सध्याचे नियमही तिच्या बाजूने बोलतात. हायस्कूल संपल्यावर मिळणाऱ्या साध्या रीजंट्स डिप्लोमाला परभाषेचं एकच वर्ष पुरतं, पण त्याच्या वरच्या, अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमाला तीन वर्षं लागतात. त्याऐवजी कलेचे विषय पाच वर्षांच्या तासांइतके घेऊन तो मिळवायची वाटही आहे, आणि कलाशाळेतल्या मुलांना ती सोपी पडते. म्हणूनच धोका असा की संगीत घेतलं की भाषा पहिल्या वर्षानंतर निसटते. सिनात्रा निवडलीस तर ती निसटू द्यायची नाही, एवढी अट आई घालणार आणि मी तिला साथ देणार.

म्हणून हॅरिस आणि सिनात्रा, दोन्ही शाळांना तूच ईमेल लिही आणि नेमकं विचार. स्पॅनिश चौथ्या वर्षापर्यंत जाते का, की मुलं कमी झाली की वर्ग बंद होतो? ऑर्केस्ट्रा दिवसाच्या तासात आहे की शाळा सुटल्यावर? व्हायोला शाळा देते की आपण आणायची? आत्ता तू वाजवतेस ती शाळेची आहे आणि जूनमध्ये परत करायची आहे. आणखी एक: शाळा सील ऑफ बायलिटरसी देते का? इंग्रजीबरोबर दुसरी भाषा उत्तम येणाऱ्या मुलांच्या डिप्लोमावर ही मोहर लागते. न्यूयॉर्कने त्याचा कायदा 2012 मध्ये केला. ती दुसरी भाषा शाळेतच शिकलेली असावी असं बंधन नाही, म्हणजे मराठीचाही विचार होऊ शकतो. आजीला हे सांगितलं तर ती उद्यापासून तुला शुद्धलेखन घालायला लागेल.

उत्तरं आली की क्रम तू लाव. मी आणि आई तो बदलणार नाही, काकाचा फोन आला तरी मी बोलेन. त्याआधी रविवारी सकाळी ऑडिशनच्या दोन्ही रचनांचं रेकॉर्डिंग उरकू. खालच्या मजल्यावरच्यांना मी सांगून ठेवलंय, अकरापर्यंत कितीही वेळा वाजव.

तुझा,
बाबा