तबकडी वाचली, टेपा गेल्या

संपादक महोदय,

जुन्या रॉक मैफली पुन्हा तबकडीवर निघू लागल्याचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला आणि राहवलं नाही. मी सांगलीच्या गावभागात चाळीस वर्षं लाऊडस्पीकरचा धंदा केला. लग्नं, सभा, गणपती, मिरजेतल्या गाण्याच्या बैठकी, सगळीकडे माइक लावले.

माझ्याकडे डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडची 'मेड इन जपान' आहे, दोन तबकड्यांची. मावसभावानं पुण्याहून आणून दिलेली. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाकाला दोन रात्री आणि टोकियोच्या बुदोकान सभागृहात एक रात्र असा तो कार्यक्रम झाला. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्चनं तो आठ ट्रॅकच्या टेपवर घेतला. इंग्रजी शब्द मला फारसे कळत नाहीत. पण तिसऱ्या बाजूच्या पहिल्याच गाण्यात इयन गिलन गळ्यातून एक जागा घेतो, रिची ब्लॅकमोर तीच गिटारवर परत देतो, मग पुढची आणखी अवघड. सवाल-जवाब ऐकत वाढलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. चौथी बाजू अख्खी एकाच गाण्याची, जवळपास वीस मिनिटं. स्टुडिओत हेच गाणं साडेचार मिनिटांत संपलं होतं! समोर माणसं बसली की वाजवणाऱ्याचं काय होतं, ते मी माइकमागे उभा राहून पाहिलं आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या घरात खांद्याएवढं पाणी होतं. तबकड्यांच्या पुठ्ठ्याचा लगदा झाला, मधला कागद निम्मा सुटला. पण तबकडी पीव्हीसीची, पाणी आत शिरत नाही. साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात मऊ फडक्यानं खाचांच्या दिशेनं पुसल्या, सावलीत उभ्या वाळवल्या. आजही वाजतात, थोडी खरखर येते एवढंच.

त्याच कपाटात माझ्या टेपच्या अकरा स्पूल, म्हणजे मोठी रिळं, आणि साठेक कॅसेटी होत्या. टेपवरची चुंबकीय भुकटी नुसती चिकटवलेली असते. चिखलानं वेढे एकमेकांना धरून बसले, उलगडायला गेलो तर भुकटी बोटांना आली. मिरजेच्या दर्ग्यात, चिंचेच्या झाडाखाली, खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ गाणं होतं. तिथल्या एका पहाटेची स्पूल त्यात होती. गवई तार षड्जावर थांबलेला आणि मागं कोंबडा आरवलेला. ती गेली.

जपानच्या त्या टेपा कुणीतरी सांभाळल्या, म्हणून पन्नास वर्षांनीही त्यांच्या नव्या तबकड्या निघतात. सांगली-मिरजेतल्या किती घरांत अशा कॅसेटी तळमजल्यावर, पलंगाखाली पडल्या असतील! पावसाळ्याआधी त्या वरच्या मजल्यावर न्या, असं आवाहन आपण कृपया ठळक छापावं. बुरशी दिसली तर कॅसेट लगेच यंत्रात घालू नका. टेप वाचणारा हेड घाण होतो आणि उरलेली टेपही खराब होते.

माझा टेप डेक चालू आहे. कुणी कॅसेटी आणल्या तर संगणकावर उतरवून देईन, पैसे नकोत. फक्त मधल्या टाळ्या, खोकले, 'वा वा' कापायला मला सांगू नये.

आपला,
एक जुना माइकवाला, गावभाग, सांगली