साक्रीहून सुभाषला

साक्री,
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय सुभाष,

काय भो, बरा शे ना? फोनवर तू "साहेब आला" म्हणत ठेवून देतोस. म्हणून म्हटलं, कागदावर पकडू तुला.

दुकान चालू आहे, पण जळालेल्या मोटारी कमी झाल्या. पूर्वी उन्हाळ कांद्याच्या लावणीत व्होल्टेज पडलं की वायंडिंगला रांग लागायची. आता शिवारभर सोलर. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत 10 टक्के आपण भरायचे, आदिवासी-दलित शेतकऱ्याने 5. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5, त्यापुढे साडेसात. पहिल्या वर्षी मी शिव्या घातल्या, खोटं कशाला बोलू. पण रात्री बिबट्याच्या धाकात बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला जाणं सुटलं, हे माझ्या पोटावर आलं तरी बरंच झालं.

आता खरी गोष्ट. भाद्रपदात पावसाने ओढ दिली, मका ऐन कणसावर, आणि तुझ्या जिभाऊंचा पंप बंद. 5 वर्षं दुरुस्ती कंपनीकडे असते, म्हणून तक्रार टाकली. मेकॅनिक उगवला एकोणिसाव्या दिवशी, तोही नाशिकहून. बिघाड काय, तर कंट्रोलरकडे जाणारी वायर उंदराने कुरतडलेली! मला पहिल्याच दिवशी शंका आली होती. पण सील तोडलं तर वॉरंटी गेली, म्हणून मी हात मागे घेतला. जिभाऊ बोलले काहीच नाहीत, नुसते बांधावर बसून राहिले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मला आपला पांझरा नदीवरचा फड आठवला, बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटून घ्यायची ती जुनी रीत. तुझे आजोबा पाटाचं पाणी सांभाळणारे पाटकरी होते ना? बंधारा शेकडो वर्षं टिकला तो काय नुसत्या दगड-चुन्यावर? पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं, पाटातला गाळ कधी काढायचा, हे बघायला गावातलाच माणूस होता आणि त्याचं पोट फडावर चालायचं. सरकारने आपल्याला सोलरचा बंधारा दिला रे, पाटकरी दिला नाही.

पैसा नाही असंही नाही. केंद्राच्या पीएम-सेतू योजनेत देशभरातल्या 1000 आयटीआय सुधारायला 60,000 कोटी ठेवलेत. 200 मोठ्या आणि त्यांना जोडलेल्या 800 लहान. नवी मशिनं येतील, चांगलंच आहे. आपण धुळ्याला आयटीआयत पहिले दोन महिने लोखंडावर नुसती कानस घासली, तुझा तुकडा काही गुण्यात, म्हणजे काटकोनात, आला नाही! पण दोन वर्षं इलेक्ट्रिशियन करून पोरगं चाकणची गाडी धरतं, आणि इथला पंप नाशिकची वाट बघतो. तू गेलास म्हणून टोमणा मारत नाही. इथे तेव्हा होतं काय?

माझा भाचा वायरमन झालाय. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणात महिना 8,000 मिळत होते. पण एका कचेरीत झेरॉक्स काढून वेळ गेला. पक्कड हातात घेतली ती माझ्या दुकानात. गल्लीतल्या लोहारदादांचं मात्र बरं झालं. विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाचे दिवसाला 500 आणि अवजारांसाठी 15,000 मिळाले. त्या यादीत 18 धंदे आहेत. माळा गुंफणारे आहेत, बाहुल्या करणारे आहेत, मोटार वायंडर नाही! आपली जातच निराळी.

ग्रामसभेत मी ठराव मांडलाय: आयटीआय झालेल्या गावातल्या दोन पोरांना कंपनीने शिकवावं आणि सील उघडायचा अधिकार त्यांना द्यावा. सरपंच हो म्हणाले, ग्रामसेवकांनी लिहून घेतलं. पुढे कागद कुठे बसेल, बघू. तोवर दर रविवारी चार पोरं दुकानात येतात. एक पोरगी आहे पिंपळनेरकडची. मीटर बघण्याआधी डोक्यात हिशोब करते. तिची शेवटची एसटी साडेपाचची, ती चुकली तर तिला सोडायला मीच गाडी काढतो.

तुझ्याकडे जुने क्लॅम्प मीटर, मल्टीमीटर भंगारात निघतात ना? साहेबांना विचारून, रीतसर कागद करून दिवाळीला घेऊन ये. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांना दोन तास दे. भरताची वांगी अजून यायची असतील, तर शेवभाजीवर भागव. वहिनींना आणि लेकरांना आण, नाहीतर आई माझ्यावरच रागावेल.

आणि हो, माझा मापाचा व्हर्निअर तुझ्याकडेच आहे. सतरा वर्षं झाली.

तुझाच,
दिलीप