स्टिरॉइड कधी, किती आणि कुणाला?

महोदय,

ताप-खोकल्याची साथ आली आणि करोनाची चाचणी पॉझिटिव्ह निघाली, की २०२१ सालची जुनी चिठ्ठी घेऊन औषधाचे दुकान गाठणारे पुण्यात अजूनही आहेत. त्या चिठ्ठीत पुष्कळदा स्टिरॉइड असते, आणि धोका तिथेच आहे.

रुग्णालयातील करोना रुग्णांवर झालेल्या ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या औषध-चाचणीत २०२० मध्ये डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिले गेले. रुग्ण त्याआधी घरी गेला तर त्याच दिवशी बंद. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधील २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात मात्र १४ टक्क्यांऐवजी १७.८ टक्के दगावले. हा शेवटचा फरक संख्याशास्त्राने पक्का ठरत नाही, पण फायदाही कुठे दिसत नाही. कारण उघड आहे. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो, तेव्हा प्रतिकारशक्ती दाबून काय मिळणार? फुप्फुसांची सूज बहुधा दुसऱ्या आठवड्यात बळावते. औषध तिच्यावर आहे.

‘जास्त डोस, जास्त गुण’ हा समजही २०२३ मध्ये याच चाचणीने खोडला. साध्या ऑक्सिजनवरच्या रुग्णांना २० मिलिग्रॅम ५ दिवस, मग १० मिलिग्रॅम ५ दिवस दिल्यावर १९ टक्के मृत्यू झाले, नेहमीच्या उपचारात १२ टक्के. डेक्सामेथासोनचे ६ मिलिग्रॅम म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टिरॉइडचे साधारण ३२. चिठ्ठीवरचा आकडा याच्या कितीतरी पट असेल, तर नातेवाइकांनी कारण जरूर विचारावे. डॉक्टरांना राग आला तरी चालेल.

घरी करायचे ते ऑक्सिमीटरचे काम. पाच मिनिटे बसून, नेलपॉलिश काढून, ऊब असलेल्या बोटाला लावावे आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. गार बोटावर तो खोटा कमी दिसतो. बसून ९४ किंवा जास्त असेल तरच सहा मिनिटे घरातच सपाटीवर चालून पुन्हा बघावे, जिने नकोत. आकडा तीन किंवा अधिकने घसरला, ९४ च्या खाली गेला किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

रुग्णालयात स्टिरॉइड सुरू झाले, की फक्त उपाशीपोटीची साखर पाहून भागत नाही. सकाळच्या डोसनंतर ती दुपारी-संध्याकाळी चढते, म्हणून जेवणानंतरची आणि रात्रीच्या जेवणाआधीचीही तपासावी, मधुमेह नसला तरी. २०२१ मधल्या म्युकरमायकोसिसमागे (‘काळी बुरशी’) चढलेली साखर आणि स्टिरॉइडचा अतिरेक ही जोडी मोठी होती. चेहऱ्याची एकच बाजू दुखणे किंवा बधिर होणे, नाकातून काळपट स्राव, दात हलणे, एकाचे दोन दिसणे, यांपैकी काहीही झाले तर लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यावे.

दम्याचा पंप किंवा संधिवातासाठी आधीपासून चालू असलेली स्टिरॉइडची गोळी मात्र वेगळी. करोना झाला म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नये.

– एक फिजिशियन, सदाशिव पेठ, पुणे