भाड्याच्या घराला लावलेला रंग

बर्लिन,
रविवार, 23 नोव्हेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,

शिरसाष्टांग नमस्कार.

माझी तब्येत ठणठणीत आहे. खोकला पूर्ण गेला. आई, तुझी सुंठ अजून अर्धी बरणी शिल्लक आहे. घरात हीटर असतो, पायांत लोकरीचे मोजे असतात आणि जेवण वेळेवर होतं. काळजी करू नका.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, “भाड्याच्या घराला कोण रंग देतं?” आणि मी “बरं, ठेवते” म्हणून फोन ठेवला. रागावले नव्हते, हात रंगाने भरले होते. पण तुमचं ते वाक्य दोन दिवस मनातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

इथे घर भाड्याने घेतलं की आतला रंग बहुतेक वेळा भाडेकरूनेच बघायचा असतो. राहताय तोवर भिंत लाल करा, हिरवी करा, मालक विचारत नाही. घर सोडताना मात्र ती पांढरी किंवा फिकी, कुणालाही चालेल अशी करून द्यायची. एका भाडेकरूने लाल, पिवळ्या, निळ्या भिंती तशाच ठेवून किल्ल्या परत केल्या. ते भांडण इथल्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेलं आणि 2013 मध्ये निकाल लागला की भाडेकरूने भरपाई द्यायची. त्यामुळे इथे चांगली शिकली-सवरलेली माणसंसुद्धा घर बदलायच्या आठवड्यात मित्र गोळा करतात, जमिनीवर प्लास्टिक अंथरतात आणि स्वतः शिडीवर चढतात. रंगारी परवडत नाही हे एक, पण त्यात कुणाला कमीपणाही वाटत नाही. मलाही सुरुवातीला हे पटलं नव्हतं. आपण रंगवायचं, आपणच पुसायचं, आणि घर दुसऱ्याचं! पण इथली रीत आहे. मी सोडेन तेव्हा मीही पांढरा हात मारून देईन. अनामत रक्कम बुडणार नाही, बाबा.

आणि खोलीला गरज होती. घर 1904 सालचं आहे, पहिल्या महायुद्धाच्या आधीचं. छत अकरा फुटांवर. माझी मधली खोली म्हणजे इथल्या जुन्या घरांत असते ती ‘बर्लिनर त्सिमर’: रस्त्याकडचा भाग आणि मागची ओळ यांना जोडणारी मोठी खोली, तिला कोपऱ्यात एकच खिडकी, तीही आतल्या चौकात उघडणारी. आत्ता इथे चारला सूर्य मावळतो. त्या खोलीत तर दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो.

पण तिच्या छताला काय सुंदर नक्षी आहे! भिंत आणि छत मिळतात तिथे चारही बाजूंनी वीतभर रुंद प्लास्टरचा पट्टा, आणि मधोमध दिवा टांगतात तिथे फुलाचं वर्तुळ. आपल्याकडे हल्ली पीओपीचं करतात तसंच, फक्त सव्वाशे वर्षांपूर्वीचं. मी राहायला आले तेव्हा ती नक्षी कळतही नव्हती, नुसते गोळे दिसायचे. एकावर एक इतके हात बसले होते. खालच्या मजल्यावरच्या आजींनी सांगितलं, ओलं बोट फिरवून बघ. बोट पांढरं झालं. म्हणजे तो सरसात कालवलेल्या खडूचा जुना रंग, पाण्याने सुटतो. त्याच्यावर प्लास्टिकचा रंग मारला असता तर वर्षात पोपडे धरले असते. मग पाच संध्याकाळी कोमट पाणी, स्पंज आणि टूथब्रश. तिसऱ्या दिवशी एका पानाची मधली शीर मोकळी झाली, मग तिच्या दोन्ही बाजूंच्या बारीक शिरा. कडेला पान थोडं मुडपलेलं आहे, खऱ्या पानासारखं. कुणीतरी हाताने घडवलं असेल. मी शिडीवर बराच वेळ त्या एका पानाकडे बघत बसले.

रंगासाठी मी पहिल्यांदा आपल्या ओसरीचा निळा धरला होता. चुन्यात नीळ घालून बाबा दिवाळीआधी द्यायचे तो. कागदाच्या मोठ्या तावावर लावून भिंतीला चिकटवला आणि सकाळी, दुपारी, दिव्यात बघितला. दुपारी तो राखेसारखा झाला. कराडच्या उन्हात तो गारवा देतो, इथे ऊनच नाही, तो गारठाच देतो. मग दुधात केशर कालवल्यावर येतो तसा पिवळसर निवडला. नक्षीला स्वच्छ पांढरा चालला नाही, पिवळ्याशेजारी तो निळसर, दवाखान्यासारखा दिसायचा. म्हणून नऊ भाग पांढऱ्यात एक भाग पिवळी पूड घातली. नक्षीला सरसाचाच रंग पातळ करून दिला, नाहीतर शिरा पुन्हा बुजल्या असत्या. चकाकणारा कुठेच वापरला नाही, जुन्या भिंतीचा प्रत्येक खड्डा त्यात दिसतो. आज फक्त शेवटची रेघ बाकी आहे, भिंत आणि नक्षी यांच्यामधली. चिकटपट्टी लावली तर गिलावा सुटतो, म्हणून चपट्या ब्रशने हातानेच. आज रविवार, इथे भिंतीला ड्रिल लावायला बंदी, पण ब्रशला नाही.

शिडी भाड्याने आणली आहे, पक्की आहे. वर चढते तेव्हा कुणीतरी खाली असतंच.

खर्च म्हणाल तर रंग, ब्रश, शिडी मिळून 140 युरो. बाबा, तुम्ही गुणाकार कराल हे माहीत आहे. बाळ्याने ओसरीचा फोटो पाठवला. ओल छातीपर्यंत चढली आहे. तो बघितल्यापासून माझ्या हातातला ब्रश जड झाला. त्याच्या लग्नाआधी घराला रंग मी देणार, हे मीच कबूल केलं होतं. 60 हजार या आठवड्यात पाठवते, उरलेले मार्चमध्ये नक्की. मात्र आधी गच्चीचा पाइप बदलून घ्या, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच लांबी-पुट्टी भरायला सांगा. रंगारी घाई करतील, ऐकू नका.

बाळ्याच्या लग्नाला मला दहाच दिवस मिळताहेत. तीन आठवडे मागितले होते, खरंच मागितले होते. हळदीच्या आदल्या दिवशी पोहोचेन. आई, बांगड्या भरायला मला सोडून जाऊ नका, एक दिवस थांबा. धाकट्या भावाचं माझ्या आधी होतंय म्हणून लोक विचारतील, ते तुला एकटीला ऐकावं लागेल याचं मला फार वाईट वाटतं. तासगावच्या स्थळाला माझ्याकडून नाही कळवा. मुलात काही खोट नाही. त्याला परत यायचं आहे आणि मला अजून तीन वर्षं तरी इथे राहायचं आहे. हे फोनवर बोलायचं धाडस झालं नाही.

ओसरीला काय रंग द्यायचा असं आईने विचारलं होतं. निळाच द्या. तिथे तो चांगला दिसतो.

आजीला नमस्कार, बाळ्याला आशीर्वाद.

तुमची,
बेबी