आंजर्ल्याच्या काकांना, बंड्याच्या घरच्यांकडून

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल अशी आशा आहे. मे महिन्यात आंजर्ल्याच्या खाडीवर आमच्या बंड्याला, म्हणजे आमच्या पाण्याला घाबरणाऱ्या कुत्र्याला, तुम्ही पोहायला शिकवलंत, त्याचे आभार चारचौघांत मानायचे होते. १ जूनपासून मासेमारी बंद होणार, त्याआधीचे दिवस तुम्हाला किती धावपळीचे असतात ते मी पाहिलं. होडी, जाळी, बर्फ हे सगळं उरकून तुम्ही एका गावठी कुत्र्याच्या पोरासाठी संध्याकाळी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहत होतात.

बंड्या अजून वर्षाचाही नाही. पिल्लू असताना भर पावसात नाल्यात अडकलेला सापडला. तेव्हापासून बादलीत नळ सोडला तरी शेपूट पोटाशी घ्यायचा. किनाऱ्यावरची मंडळी सांगत होती, "ढकला हो, कुत्र्याला काय शिकवायचंय, आपोआप पोहतो." तुम्ही त्यांना तिथेच थांबवलंत. "हातपाय मारेल, पण पुन्हा पाण्याकडे फिरकणार नाही," म्हणालात.

आधी तुम्ही दिवस ठरवलात. पौर्णिमेच्या उधाणाला खाडीत ओढ फार, अष्टमीचा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटीचा दिवस, येऊ दे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तुम्ही बोटांवर मोजून दाखवलंत. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराला ओहोटी. भांगाला पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी. सहाला भरती पुरी होऊन पाणी जरा थबकतं, तेवढाच वेळ आपला. मी जन्मभर सुट्टीला कोकणात येते आहे, पण हा हिशेब मला कुणी असा समजावला नव्हता.

जागाही तुम्हीच निवडलीत, वाळू अगदी सावकाश उतरते ती. दोर गळ्यातल्या पट्ट्याला न बांधता हार्नेसला बांधायला लावलात, तोही ढिला. मग मला म्हणालात, "पोरी, त्याला पाणी नको दाखवू, काठ दाखव." पाणी पंजाला लागलं की वळायचं आणि बाहेर. घोट्यापर्यंत गेलं की वळायचं आणि बाहेर. दर वेळी त्याच वाटेने. बंड्याने जांभई दिली तेव्हा मला वाटलं कंटाळला. तुम्ही लगेच त्याला बाहेर घेतलंत. जीभ ओठांवरून फिरतेय, डोळ्याचं पांढरं दिसतंय, ही भीती आहे, आज एवढंच पुरे, म्हणालात. त्या दिवशी तो पोटापर्यंतही भिजला नव्हता आणि तुम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही. माझा तुमच्यावर विश्वास बसला तो तेव्हा.

पाय तळाला टेकेनासे झाले ती संध्याकाळ मी विसरणार नाही. पुढचे दोन्ही पाय पाण्यावर चपाचप आपटत होते, मागचा भाग खाली चालला होता, आणि तोंडावर उडणाऱ्या पाण्याने तो आणखीच घाबरत होता. लाइफ जॅकेट अंगात होतं (ते आधी घरातच घालून जेवायला देत जा, हेही तुमचंच सांगणं), पण तेवढ्याने भागत नव्हतं. तुम्ही समोर न जाता त्याच्या कुशीला उभे राहिलात. समोरच्या माणसाच्या अंगावर तो चढू बघतो, म्हणालात. एक हात जॅकेटच्या मुठीला आणि दुसरा मागच्या पायांच्या पुढे, पोटाखाली. कंबर वर आली. अंग आडवं झालं. आपटणं बंद झालं, पंजे पाण्याखाली गेले, वर फक्त नाक, डोळे आणि ते दोन मोठे कान. श्वासाचा आवाज बदललेला मला काठावर ऐकू आला. तुम्ही काहीच बोलला नाहीत, पोटाखालचा हात तेवढा हळूच काढून घेतलात. तो तुमच्याभोवती वळसा घालून आपणहून काठाला आला, अंग झाडलं, आणि परत पाण्याकडे बघत उभा राहिला. मला रडू आलं, हे तुम्ही पाहिलंत आणि शहाण्या माणसासारखे जाळ्याकडे निघून गेलात.

खारं पाणी पोटात गेलं तर उलट्या होतील म्हणून आपल्या घरून गोड्या पाण्याची कळशी आणणं, आधी ते पाजून मगच अंग धुणं, कान आतून पुसणं, हे सगळं काकूंनी केलं. त्यांनाही नमस्कार सांगा. पैसे तुम्ही घेतले नाहीत, तर निदान हे आभार तरी नाकारू नका.

पावसाळ्यात खाडीत उतरायचं नाही हा तुमचा शब्द पाळतो आहोत. पुण्यात कुत्र्यांसाठी पोहण्याचा एक तलाव आहे, तिथे नेतो. पहिल्याच दिवशी तिथल्या मुलाने त्याला उचलून थेट मधे सोडायला घेतलं होतं. मी म्हटलं, थांब, आधी त्याला पायऱ्या दाखवू दे. आम्ही पायऱ्यांवरून वरखाली करत राहिलो, मग बंड्या स्वतः उतरला. आता तो मुलगा नव्या पिल्लांनाही आधी पायऱ्यांवरच नेतो.

दिवाळीनंतरच्या अष्टमीला येतो आहोत. सहाच्या आधी पोचू.

आपली,
बंड्याची आई